बाकीझिओचा चाकू

चाकू आला तो वर्तमानपत्रात गुंडाळून,
उंबऱ्यावर ठेवलेला. दार कुणी वाजवलं नाही.
मी मुठीवरून ओळखला: मेंढ्याच्या शिंगाची, पिवळट,
टोकाशी तडा, तड्यात कैक हिवाळ्यांचं चीज.
बाबांनीही ओळखला. बोलले नाहीत.
तसंही गेल्या मार्चपासून त्यांचं बोलणं म्हणजे
डाव्या हाताच्या बोटाने टेबलावर ठोकणं.

बाकीझिओ आणि बाबा.
अकरा वर्षं अबोला, एका दगडी कुंपणापायी.
कुंपण गुडघाभर. मेंढ्या दोन्हीकडून उड्या मारतात.

मी तोरीनोहून आणलेलं यंत्र काढलं:
पातं धरणारा चिमटा, सळ्या, अंश कोरलेली पट्टी.
सतरा, वीस, पंचवीस.
तिथल्या माझ्या ओट्यावर ते चोख चालतं.
बाबांनी त्याच्याकडे पाहिलं,
पाहुण्याने सोबत आणलेल्या कुत्र्याकडे पाहावं तसं.
मी ते पेटीत परत ठेवलं.

मग दगड. खिडकीखालचा,
मधोमध झिजून झोळी झालेला.
चाकू पाजवायचा तर आधी दगडाला पाजावं लागतं,
बुडबुडे थांबेपर्यंत.
मी सात वर्षांची असताना त्यांनी एवढंच शिकवलं,
बाकीचं मी पाहून घेतलं.

पातं टेकवलं. ढकललं.
ठक्.
जास्त उभं धरलंय.
पुन्हा.
ठक्.
ते बघत नव्हते. तोंड डोंगराकडे, कान माझ्या हाताकडे.
मी गुपचूप धारेवर मार्करची निळी रेघ ओढली,
दोनदा घासली, दिव्याखाली धरली:
शाई खांद्यावरची गेलेली, काठावरची तशीच.
यंत्र नाही, शाई नाही, त्यांना नुसत्या खरखरीवरून कळलं होतं.

पातं झोपवलं, केसभर.
आवाज ओला झाला, एकसंध,
बादलीत दूध भरत येतं तेव्हा होतो तसा.
बोट थांबलं.
बराच वेळ थांबलं.
मग ठक् ठक्: उलटव.

उलट्या अंगाला नख लावलं. अडलं.
दिसत नाही, पण तिथे किनार वळलेली असते.
नवखे तिलाच धार समजतात.
तो नुसता लोखंडाचा हट्ट,
निघायला आलेला, कुणीतरी काढायची वाट बघणारा.
तिच्यासाठी आईचा कॉफीचा कप पालथा घातला,
तळाच्या कोऱ्या, बिनझिलईच्या कडेवर
हलक्या हाताने चार फेऱ्या, मग दोन, मग एक.

शेवटी पट्टा.
बाबांचा, कमरेचा, कारण घरात दुसरं कातडं नाही.
मी बक्कल सोडलं. ते उठून उभे राहिले,
बऱ्या हाताने पँट धरून,
एखाद्या न्यायाधीशासारखे गंभीर.
मला हसू आलं. त्यांनाही, अर्ध्या तोंडाने.
पट्टा दाराच्या कडीला अडकवून ताणला,
पाठ पुढे, धार मागे, वीस वेळा.

ज्या कागदातून चाकू आला तोच कापून पाहिला.
श्रद्धांजलीच्या पानाची सरळ फीत निघाली,
फक्त एका जागी, टोकाजवळ, किंचित अडखळली.
ठक्.
मी म्हटलं, पुरे की. त्याच्यासाठी?
ठक्.
पुन्हा दगडापासून.

रात्री तो कुंपणावर ठेवून आले.
सकाळी त्याच जागी, खड्याखाली, पन्नास सेंटचं नाणं.
आमच्याकडे रीत आहे: पातं फुकट घेऊ नये,
दोस्ती कापली जाते.
कापायला शिल्लक होतं काय, मी विचारलं.
बाबांनी नाणं उलटंपालटं करून पाहिलं,
खिशात घातलं, आणि त्याच खिशातून
स्वतःचा चाकू काढला.
मार्चपासून न उघडलेला, बिजागरीत धूळ.
बोटाने टेबलावरून ढकलत ढकलत
माझ्यापर्यंत आणला.